डब्यातली पुरी आणि परगावचं ताट

सहलीला निघायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी काय भरलं जातं? कपड्यांची बॅग नव्हे, खाऊचा डबा! तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवडा, शंकरपाळे, लोणच्याची बाटली. परदेशी जायचं असेल तर उपम्याची तयार पाकिटं आणि जमलंच तर छोटा कुकरसुद्धा. निघायच्या आदल्या रात्री घरातली बाई बारा वाजेपर्यंत कढईसमोर उभी असते. सकाळी गाडीत बसल्यावर सगळे खिडकीबाहेर बघतात आणि ही डुलक्या काढते. सहल सगळ्यांची, सुट्टीही सगळ्यांची, फक्त तिला तेवढी सुट्टी नाही.

मैत्रिणींनो, डब्याला माझा विरोध नाही. लहान मूल सोबत असतं, सासऱ्यांना मधुमेह असतो, रात्री-अपरात्री गाडी थांबते. अशा वेळी डबाच उपयोगी पडतो. माझं म्हणणं वेगळं आहे. सबंध सहल डब्यावरच काढायची, किंवा ‘सोबत आपला महाराज, रोज घरच्या चवीचं जेवण’ अशी जाहिरात बघूनच टूर निवडायची, हे मला पटत नाही. एवढे पैसे खर्चून परमुलखात जायचं, दिवसभर इमारतींचे फोटो काढायचे आणि संध्याकाळी पुन्हा वरणभात! मग आपण पाहिलं काय? तिथली माणसं कशी जगतात, हे इमारतींपेक्षा त्यांच्या ताटात जास्त कळतं. आणि ते ताट बहुतेक ठिकाणी बायकांनीच घडवलेलं असतं.

मे २०२५ च्या अखेरीस आम्ही रोमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे तीन दिवस होतो. मुलगी-जावई जर्मनीत असतात, आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया शेंगेन देशांमध्ये पूर्णपणे सामील झाला, त्यामुळे त्याच व्हिसावर तिकडे जाता आलं. मे-जून हे तिथले पावसाचे महिने. तिन्ही दिवस पाऊस पडला. आपल्यासारखा धो धो नाही, पण थांबायचं नाव न घेणारा, गारठवणारा. बागा रद्द, तळ्यातली नाव रद्द. नऊ वर्षांच्या नातवाचं तोंड एवढंसं झालं आणि आमचे हे हॉटेलच्या खिडकीत छत्रीसारखे मिटून बसले.

पण पावसाचा एक गुण आहे. तो माणसाला धावू देत नाही, एका जागी बसवतो. पहिल्या दिवशी आम्ही तिथल्या ग्राम-संग्रहालयात गेलो. दिमित्रिये गुस्ती या समाजशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९३६ मध्ये ते सुरू झालं. देशभरातल्या खेड्यांमधली खरीखुरी घरं सुटी करून इथे आणून पुन्हा उभी केली आहेत. पावसात त्या उतरत्या छपरांखाली उभं राहिलं की आत चूल, भिंतीवर हाताने विणलेली वस्त्रं, लाकडी भांडी दिसतात. प्रत्येक घरात मी आधी चूल बघत होते. सवय, दुसरं काय!

जेवायला गेलो ते जुन्या गावठाणातल्या ‘मनुकची सराई’ या ठिकाणी. मनुक नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने १८०८ च्या सुमारास बांधलेली ही सराई. मधे चौक, भोवती लाकडी सज्जे, अगदी आपल्या जुन्या वाड्यासारखी. आता पंचाईत अशी की आमचे हे पक्के शाकाहारी. आणि रोमानियन जेवण म्हणजे डुकराचं मांस, असं सगळ्यांनी सांगून ठेवलेलं. ते खोटंही नाही. ‘सरमाले’ हा तिथला मानाचा पदार्थ. आंबवलेल्या कोबीच्या पानात खिमा आणि तांदूळ गुंडाळून तासन् तास मंद शिजवतात. लग्न असो की नाताळ, त्याच्याशिवाय पंगत नाही.

पण मेन्यू कार्डावर दोन शब्द शोधायचे, ‘दे पोस्त’. म्हणजे उपासाचं! रोमानियात बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. त्यांच्याकडे बुधवार-शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे चाळीसहून जास्त दिवस, १५ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंतचे दिवस आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा असे उपास असतात. या उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी, चीज काही चालत नाही. म्हणजे आपल्या उपासापेक्षा कडक, आपल्याला निदान दही-ताक तरी चालतं! शतकानुशतकं उपास पाळणाऱ्या बायकांनी मग काय केलं असेल? तेच, जे आपण साबुदाणा-वरईचं केलं. बंधनातून चव काढली. सरमालेत खिम्याऐवजी भात, मशरूम आणि गाजर आलं. पांढरा घेवडा शिजवून घोटायचा आणि वर लाल मिरचीपूड घातलेला परतलेला कांदा पसरायचा. वांगी विस्तवावर भाजून, तेल-कांदा घालून त्यांचं भरीत करायचं. हो, भरीतच! भाजलेलं वांगं काळं पडू नये म्हणून ते लाकडी सुरीने चिरायची जुनी पद्धतही तिथे आहे. यांनी ते भरीत ममलिग्याबरोबर दोनदा मागून घेतलं.

ममलिगा म्हणजे मक्याच्या रव्याचं घट्ट पिठलं म्हणा ना. पाटावर उपडं करायचं आणि जुन्या रीतीप्रमाणे दोऱ्याने कापायचं. मका अमेरिका खंडातून युरोपात आला. त्याआधी हीच ममलिगा बाजरीच्या जातीच्या बारीक धान्याची व्हायची. भाकरी परवडत नसलेल्या गरिबांचं हे अन्न. सोबत ‘चोर्बा’ नावाचं आंबट सार. गव्हाचा कोंडा आंबवून काढलेलं पाणी त्यात घालतात. चोर्बा हा शब्द तुर्कांकडून गेला आणि त्याचं मूळ फारसीत, म्हणजे आपल्या ‘शोरबा’चा तो सख्खा भाऊ. शेवटी गोड म्हणून पनीरसारख्या ताज्या चीजचे तळलेले वडे, वर आंबट साय आणि चेरीचा मुरंबा. नाव काय, तर ‘पापानाश’! त्यात अंडं असतं, म्हणून यांनी हात लावला नाही. नातवाने एकट्यानेच सगळ्यांची पापं धुतली.

या ताटामागे नुसती चव नाही. १९८० च्या दशकात चाउसेस्कूच्या राजवटीने परदेशी कर्ज फेडण्यासाठी देशातलं अन्नधान्य, मांस बाहेर विकलं. पिकाऊ जमिनीच्या त्या देशात ब्रेड, तेल, साखर रेशनवर आली. १९८२ मध्ये सरकारने ‘शास्त्रशुद्ध आहाराचा’ कार्यक्रमही काढला, म्हणजे कमी का खावं याचं पुस्तकी समर्थन! पहाटेपासून रांगेत कोण उभं राहिलं असेल, ते सांगायला नको. त्याच राजवटीने लोकसंख्या वाढवायची म्हणून १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली होती. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका गेल्या. मुलं जन्माला घाला असा हुकूम, आणि त्यांना घालायला ताटात काही नाही. बुखारेस्टमध्ये तेव्हा अन्नाची मोठमोठी घुमटवाली केंद्रं बांधायला घेतली होती. लोक त्यांना ‘भुकेची सर्कस’ म्हणायचे. त्यातल्या एका अर्धवट सांगाड्यात १९९९ मध्ये मॉल उघडला.

रोमानियन लोकांची स्वतःबद्दलचीच एक म्हण आहे, ‘ममलिगा फुटत नाही’. म्हणजे आम्ही मवाळ, सगळं सोसणारे. डिसेंबर १९८९ मध्ये ती फुटली. राजवट गेली आणि गर्भपातबंदीचा कायदा त्याच महिन्यात रद्द झाला. हे सगळं कळल्यावर समोरची पिवळी वडी साधी राहत नाही. सोसणाऱ्या बायका आपल्यालाही माहीत आहेत.

आता कोणी म्हणेल, ‘तुमचं ठीक आहे हो, आम्ही कुठे रोमानियाला जाणार?’ खरंय. पण कोकणातल्या घरातून विदर्भात जाताना, सोलापूरहून हैदराबादला किंवा जळगावहून इंदूरला जातानाही आपण हेच करतो. पोरं ‘आपलंच हवं’ म्हणतात आणि आपण डबा उघडतो. पोटाला बाधेल ही भीती असते. ती रास्त आहे, म्हणून गरम, समोर शिजलेलं खावं, पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं प्यावं. धर्म, व्रत, शाकाहार यातलं काही सोडायची गरज नसते. फक्त विचारावं लागतं. विचारलं की जगात जवळजवळ सगळीकडे बिनमांसाचं काहीतरी निघतं, कारण गरिबी आणि उपास हे दोन्ही सगळीकडे आहेत.

खर्चाचा प्रश्नही येतोच. त्यावर माझं साधं गणित आहे. दिवसातलं एक जेवण त्या गावचं, बाकी हवं तर डब्यातलं. एका ताटात दोघांनी चव घ्यावी. न आवडलं तर न आवडलं! मुलांना ‘शी’ म्हणू न देता ‘मला नको’ म्हणायला शिकवलं, तर तेवढ्यानेही सहलीचे पैसे वसूल होतात. दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडणारं मूल उद्या दुसऱ्याच्या घराला, दुसऱ्याच्या जातीला, सुनेच्या माहेरच्या आमटीलाही नाक मुरडतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या एका जेवणापुरती घरची बाई वाढपी नसते. घरी आपण सगळ्यांच्या आवडी पाठ करतो. याला कांदा नको, त्याला तिखट नको, सासूबाईंना मऊ भात. आपल्याला काय आवडतं, हे कित्येकींना पटकन सांगताही येत नाही, कारण कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या सहलीत, मग ती बुखारेस्टची असो की बार्शीहून बदामीची, हॉटेलात बसल्यावर मेन्यू कार्ड पहिल्यांदा आपल्या हातात घ्या. ‘तुम्ही सांगा, मला काहीही चालेल’ हे वाक्य एक दिवस गिळून टाका. आपल्याला काय खायचंय ते आधी ठरवा, आणि गरम आहे तोवर खा.