प्रेक्षकाची निर्दोष सुटका

एखाद्या कलाकृतीवर परस्परविरुद्ध अशा दोन बाजूंनीं हल्ला होऊं लागला, कीं तिच्या कैवाऱ्यांस मोठा आनंद होतो. उजवेही रागावले, डावेही रागावले, त्या अर्थीं कलावंतानें सत्य गांठलें असलेंच पाहिजे, असा एक सोयीस्कर न्याय टीकेच्या बाजारांत रूढ झाला आहे. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. दोन शेजारी एकाच घराला दोन निराळ्या कारणांसाठीं नांवें ठेवूं लागले, तर तेवढ्यावरून घर चांगलें ठरत नाहीं. त्या दोघांच्याही नजरेंतून सुटलेला तिसराच दोष त्याच्या पायाभरणींत असूं शकतो. 'व्ही फॉर व्हेंडेटा' या चित्रपटाच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें आहे, असें आमचें मत आहे.

मूळ कृति ही एक चित्रकथा. ॲलन मूर यांनीं ती लिहिली आणि डेव्हिड लॉइड यांनीं तिचीं चित्रें काढलीं. 'वॉरियर' या ब्रिटिश मासिकांत १९८२ सालीं ती कृष्णधवल स्वरूपांत क्रमशः येऊं लागली. १९८५ सालीं मासिक बंद पडल्यामुळें अपुरी राहिली. आणि पुढें १९८८-८९ मध्यें अमेरिकेंतील 'डीसी कॉमिक्स' या प्रकाशनसंस्थेनें ती रंगीत करून पूर्णत्वास नेली. मर्यादित अणुयुद्धांतून कसेंबसें वांचलेलें १९९७ सालचें इंग्लंड. तेथें सत्तारूढ झालेला 'नॉर्सफायर' हा फासिस्ट पक्ष. छळछावणींतून निसटलेला 'व्ही' नांवाचा मुखवटाधारी अराजकवादी. आणि त्यानें वांचविलेली ईव्ही ही सोळा वर्षांची निराधार मुलगी, अशी ही कथा आहे. तिच्यावरून लाना व लिली वाचोव्स्की यांनीं पटकथा लिहिली, जेम्स मॅकटीग यांनीं दिग्दर्शन केलें, आणि चित्रपट मार्च २००६ मध्यें सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याबरोबर वादासही तोंड फुटलें.

पहिला पक्ष म्हणतो, हा चित्रपट दहशतवादाचें स्तोत्र आहे. या आक्षेपामागची वेदना समजण्यासारखी आहे. ७ जुलै २००५ रोजीं लंडनच्या भुयारी रेल्वेंत स्फोट होऊन माणसें मेलीं, आणि वर्षही लोटलें नाहीं तोंच स्फोटकांनीं भरलेली गाडी त्याच भुयारांतून पार्लमेंटाखालीं सोडणारा नायक पडद्यावर आला. तथापि वेदना समजली म्हणजे तर्क पटतो असें नाहीं. आमच्या वाचकांस हा आक्षेप जुन्या ओळखीचा आहे. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें आणि १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. रंगभूमीवरील वध पाहून प्रेक्षक तडक शस्त्र शोधायला निघतो, हें ज्या राज्यकर्त्यांनीं गृहीत धरलें, त्यांनीं आपल्या प्रजेपेक्षां आपल्याच मनाची परीक्षा अधिक करून दिली. जुलमी सत्तेविरुद्धच्या हिंसेची कथा सांगणें निराळें आणि हिंसेची शिफारस करणें निराळें. हा भेद पुसून टाकला तर महाभारतही कपाटांत बंद करून ठेवावें लागेल!

दुसरा पक्ष खुद्द मूळ लेखकाचा आहे. मूर यांनीं या चित्रपटाशीं असलेला आपला संबंध तोडला आणि श्रेयनामावलींतून आपलें नांव काढून घेतलें. लॉइड यांनीं मात्र चित्रपटाची पाठराखण केली. मूर यांची तक्रार अशी, कीं आपल्या कथेंत फासिझम आणि अराजकवाद या दोन टोकांचा सामना होता. तो काढून टाकून तेथें अमेरिकेंतील उदारमतवादी आणि नवपरंपरावादी यांचें घरगुती भांडण इंग्लंडचा पोशाख चढवून उभें केलें आहे. या तक्रारींत तथ्य आहे; परंतु तेवढ्यानें चित्रपट दोषी ठरत नाहीं. कालांतरानें होणाऱ्या रूपांतराला आपल्या काळाशीं बोलण्याचा हक्क असतोच. १९८२ सालीं मूर यांच्यासमोर थॅचरबाईंचें इंग्लंड होतें, तर पटकथाकारांसमोर डोक्यावर काळ्या पिशव्या ओढलेल्या अबू गरीबच्या कैद्यांचीं छायाचित्रें होतीं. त्या दिवसांत, घरीं कुराण जपून ठेवल्यापायीं प्राणांस मुकणारा एक सुसंस्कृत इंग्रज गृहस्थ पडद्यावर दाखविणें हें कांहीं भित्रेपणाचें लक्षण नव्हे. शिवाय व्हॅलरीचें पत्र पाहा. एका स्त्रीवर प्रेम केल्याच्या गुन्ह्याबद्दल छावणींत मरणाऱ्या त्या नटीनें कोठडींतल्या कागदावर लिहिलेली जीवनकहाणी चित्रपटानें जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आहे, आणि तो भाग पाहतांना ज्याचें मन हललें नाहीं त्यानें टीकेच्या वाटेस न जाणेंच बरें. तेव्हां 'मूळाशीं इमान' या एकाच गजानें आम्ही हा चित्रपट मोजूं इच्छीत नाहीं.

मग आमचा आक्षेप कोणता? रूपांतर करतांना काय बदललें, हा प्रश्न गौण आहे. त्या बदलानें कोणाची सुटका झाली, हा खरा प्रश्न होय. आणि या चित्रपटांत सुटका झाली आहे ती सामान्य नागरिकाची, म्हणजेच पर्यायानें तिकीट काढून खुर्चींत बसलेल्या प्रेक्षकाची.

मूळ पुस्तकांत नॉर्सफायर कसा आला? युद्धानें हवा बिघडली, पिकें बुडालीं, भूक आणि दंगे माजले, आणि लोकांनीं या पक्षाला येऊं दिलें. ईव्ही आपल्या बालपणची आठवण सांगते तेव्हां ते लोक लंडनमध्यें शिरत असतांना सगळे जयघोष करीत होते. भीति वाटली ती त्या लहान मुलीला. पुढें व्ही दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला भाषण करतो, तें एखाद्या मालकानें कामचुकार नोकराला समज द्यावी त्या थाटाचें आहे. तुमच्यावर लबाड आणि वेडे राज्य करीत आले हें खरें, पण त्यांना निवडलें कोणी, असा त्याचा सवाल आहे; आणि सुधारण्यासाठीं तो मानवजातीला दोन वर्षांची मुदत देतो. पुस्तकरूपाच्या प्रस्तावनेंत, १९८८ सालीं, मूर आणखी एक पाऊल पुढें गेले. इंग्लंडला फासिझमकडे ढकलण्यास अणुयुद्धासारखें कांहीं तरी नाटकी संकट लागेल असें मानण्यांत आपला भोळेपणा झाला, अशी कबुली त्यांनीं तेथें दिली आहे. माणसें मोठ्या संकटावांचूनही घसरतात, हा त्या कबुलीचा अर्थ.

चित्रपटानें नेमकी हीच कबुली उलटी फिरविली. येथेंही व्ही नागरिकांना आरशांत पाहा म्हणून सांगतो खरा. पण लागलीच, तुम्ही भ्यालां होतां, असा समजूतदार दिलासाही देतो. आणि पुढें पोलिस अधिकारी फिंच याच्या तपासांत उलगडतें काय, तर ज्या रोगाच्या भीतीनें लोकांनीं हुकूमशाही पत्करली, तो रोग त्याच पक्षाच्या मंडळींनीं मुद्दाम पसरविला होता! झालें, खटल्याचा निकाल लागला. लोक फसविले गेले होते; आणि फसलेल्या माणसाकडे कोण बोट दाखविणार? कारस्थान जितकें अफाट, तितका फसलेला माणूस निष्पाप. ज्या सत्तेला लोकांनीं टाळ्या वाजवून आणलें होतें, ती आतां मूठभर नराधमांनीं केलेली चोरी ठरते.

शेवट तर याहून बोलका आहे. पुस्तकांतील हुकूमशहाला गोळी घालते ती रोझमेरी ही एक विधवा. राज्ययंत्रानें चिरडलेली, कोणत्याही तत्त्वज्ञानाशीं परिचय नसलेली ही बाई स्वतःच्या हातानें आणि स्वतःच्या जबाबदारीवर तें कृत्य करते. चित्रपटांत त्याला मारतो तो त्याचाच साथीदार, तेंही व्हीशीं केलेल्या सौद्यापोटीं. रोझमेरीचा तेथें पत्ताच नाहीं. त्यानंतर टपालानें आलेले मुखवटे चढवून हजारों नागरिक पार्लमेंटाकडे चालूं लागतात. परंतु नीट पाहा: नेता मेला आहे, त्याचा साथीदार मेला आहे, सैनिकांना हुकूम देणारा कोणी उरलेला नाहीं, म्हणून बंदुका खालीं येतात. वाटेंतला सारा धोका नायकानें आधींच दूर केला आहे. जनतेकडे काम उरतें तें एकच: चौकांत उभें राहून, चायकोव्स्कीच्या संगीताच्या तालावर, इमारत उडतांना पाहणें. क्रांतीच्या अंतिम क्षणीं लोक प्रेक्षक झाले आहेत, आणि प्रेक्षकगृहांतला प्रेक्षक त्यांच्यांत आपलें प्रतिबिंब पाहून सुखावतो. सैरंध्रीला भर सभेंत लाथ बसली तेव्हां विराटाची सभा गप्प बसली होती. या चित्रपटानें कीचकाला मारलें, आणि सभेचें अभिनंदन करून तिला घरीं पाठविलें!

यावर कोणी म्हणेल, कीं याच चित्रपटामुळें तो मुखवटा जगभरच्या रस्त्यांवर आला, त्याची वाट काय? प्रश्न रास्त आहे. २००८ पासून निनावी चळवळ्यांनीं तो धारण केला. २०११ च्या 'ऑक्युपाय' आंदोलनांत तो दिसला. २०१२ सालीं संकेतस्थळांवरील बंदीचा निषेध करणाऱ्या तरुणांनीं तो मुंबईंतही घातला. बहारीननें २०१३ सालीं त्याची आयात रोखली, आणि २०१९ सालीं हाँगकाँगच्या सरकारनें सभा-मोर्चांत चेहरा झांकण्यासच मनाई केली. तुरुंगाची भीति समोर असतांना ज्यांनीं तो चेहऱ्यावर चढविला, त्यांना आमचा नमस्कार असो. परंतु चित्रपटांतील जमावाला जें करावें लागलें नाहीं, तें त्यांनीं केलें. तेव्हां श्रेय त्यांचें आहे, चित्रपटाचें नव्हे. शिवाय या मुखवट्याचा हक्क एका बलाढ्य अमेरिकन चित्रपटसंस्थेकडे असल्यामुळें, भांडवलशाहीविरुद्ध घोषणा देण्यासाठीं अधिकृत मुखवटा विकत घेणाऱ्यानें प्रत्येक वेळीं भांडवलशाहीच्या पेटींत चार पैसे टाकले, हा विनोदही विसरतां येत नाहीं. आणि ज्या गाय फॉक्सचा हा चेहरा, तो १६०५ सालीं छत्तीस पिंपें दारू घेऊन पार्लमेंटाखालीं बसला होता, तो कांहीं लोकांच्या स्वातंत्र्यासाठीं नव्हे. प्रॉटेस्टंट राजा जाऊन कॅथॉलिक राजा यावा एवढ्यासाठीं. चिन्हाचा इतिहास पुसला कीं चिन्ह कोणाच्याही तोंडावर बसतें, हें सत्ताधाऱ्यांनाही चांगलें ठाऊक असतें.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. हा चित्रपट टाकाऊ नाहीं. नॅटली पोर्टमन हिचा अभिनय आणि व्हॅलरीचें पत्र एवढ्यासाठीं तरी तो घरांतल्या मोठ्या मुलांसह अवश्य पाहावा. पण पाहून झाल्यावर मूळ पुस्तकाचें शेवटचें पान उघडावें. तेथें विजयाचा मोर्चा नाहीं, संगीत नाहीं. जुनी राजवट कोसळली आहे, पुढें काय होणार तें कोणासच ठाऊक नाहीं, आणि फिंच काळोखांत एका मोकळ्या रस्त्यावरून एकटाच शहराबाहेर चालला आहे. मग घरांत एकच प्रश्न विचारावा: नॉर्सफायर लंडनमध्यें शिरला त्या दिवशीं रस्त्याच्या कडेला आपण उभे असतों, तर जयघोष केला असता, कीं त्या लहान मुलीसारखे भ्यालों असतों? चित्रपट हा प्रश्न आपणांस विचारीत नाहीं. आमची त्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती एवढीच, आणि आमच्या मतें ती लहान नाहीं.