भाच्याची एजन्सी आणि माझ्याकडची यादी

मंडळी, विषय तसा घरगुती आहे. आणि घरातली निम्मी माणसं हे वाचणार आहेत, त्यामुळे जरा जपूनच लिहायला हवं. पण गेले आठ दिवस डोक्यात हेच घोळतंय, तेव्हा लिहून टाकतो.

झालं असं, की माझ्या भाच्याने चांगली नोकरी सोडली आणि इस्टेट एजंट म्हणून काम सुरू केलं. तेही आमच्या डोंबिवलीत, जिथे दर दुसऱ्या गल्लीत एका शटरवर 'फ्लॅट भाड्याने/विकत मिळतील' अशी पाटी असते! हाताशी बचत आठेक महिने पुरेल एवढीच. त्यातले पंचवीस हजार त्याने पहिल्याच महिन्यात जाहिरातीच्या एका पॅकेजमध्ये घातले. फोन आले चाळीस. त्यातले तीस दुसऱ्या एजंटांचे, "तुमच्याकडे गिऱ्हाईक आहे का?" असं विचारणारे.

गेल्या रविवारी ताई आणि तो घरी आले. चहा झाला, आणि भाच्याने हळूच विषय काढला. "मामा, तू सोसायटीचा सेक्रेटरी आहेस ना? मेंबरांच्या नंबरांची यादी दे. एकदाच मेसेज टाकतो, परत त्रास देणार नाही."

आमच्या चार विंगांत मिळून ११२ फ्लॅट आहेत. निम्मे मालक बाहेरगावी, फ्लॅट भाड्याने दिलेले. एजंटाच्या दृष्टीने ही यादी म्हणजे सोन्याची खाण. मी नाही म्हटलं. लोकांनी ते नंबर पाण्याची टाकी साफ करायची असली किंवा रात्री-अपरात्री कुणाला काही झालं तर कळवायला दिलेत, भाच्याचा धंदा चालवायला नाही. ताईचा चेहरा पडला. "सख्ख्या भाच्यासाठी एवढंही होत नाही?" म्हणाली. त्या दिवशी ती जेवायला थांबली नाही.

तर आज जे लिहितोय ते खरं म्हणजे ताईसाठी. यादी दिली नाही, पण मग दुसरं काय देऊ शकतो, याचा विचार केला.

आधी माझी जुनी गोष्ट. १९९८ साली आम्ही हा फ्लॅट घेतला तो एका एजंटामार्फत. माणूस गोड बोलायचा. "पाणी चोवीस तास," तो म्हणाला, आणि नळ सोडून दाखवलाही. आम्ही राहायला आलो मे महिन्यात. पाणी पहाटे चारला, अर्धा तास! तीन वर्षं हिने आणि मी आळीपाळीने गजर लावून पिंपं भरली. त्या एजंटाचं दलालीचं काम एका दिवसात झालं, पैसे मिळाले. पण पुढचा हिशोब बघा. गेली नऊ वर्षं मी सेक्रेटरी आहे. फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा असला की माणसं आधी मला विचारतात, "कुणी ओळखीचा एजंट आहे का हो?" मी एकदाही त्याचं नाव सांगितलेलं नाही. वाईट बोलत नाही, फक्त नाव घेत नाही. त्या एका थापेची किंमत त्याला किती पडली, हे त्याला कधी कळलंही नसेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. नव्या एजंटाकडे ना ऑफिस, ना अनुभव, ना पैसा. त्याच्याकडे एकच गोष्ट बिनपैशाची असते : त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो, ही ख्याती. जाहिरातीवर खर्च करायला पैसे नसतील तर याच गोष्टीवर मेहनत करावी. आता 'खरं बोला' हा उपदेश झाला, मार्केटिंग नव्हे, असं भाचा म्हणेल. म्हणून नेमकं काय करायचं तेही सांगतो.

पहिलं काम चालण्याचं. सबंध डोंबिवली घेऊ नकोस बाबा, चार गल्ल्या घे. आमच्याकडे घराची किंमत स्टेशनपासूनच्या मिनिटांवर ठरते. आणि प्रत्येक जाहिरातीत घर 'स्टेशनपासून ५ मिनिटांवर'च असतं! मी परवा मुद्दाम घड्याळ लावून चाललो. ज्या इमारतीला ५ मिनिटं म्हणतात, तिथून मला सकाळी ११ मिनिटं लागली. संध्याकाळी सातला, फेरीवाले आणि रिक्षांच्या गर्दीतून, १७. भाच्याने त्या चार गल्ल्यांतल्या प्रत्येक इमारतीपासून चालावं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. शंभर पानी वही घ्यावी, इमारतीला एक पान. मिनिटं, पाण्याची वेळ, लिफ्ट आहे का आणि चालते का, पावसात गल्लीत पाणी साचतं का, मेंटेनन्स किती, दुचाकी लावायला जागा आहे का, मोबाइलला रेंज येते का. वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला यांना सगळं ठाऊक असतं. खर्च म्हणाल तर वही आणि चपलेचे तळ. महिनाभरात त्या चार गल्ल्यांबद्दल त्याच्याइतकी माहिती मोठ्या कंपनीकडेही नसेल. गिऱ्हाइकाला हे दुसऱ्या मिनिटाला कळतं.

दुसरं, मेजरिंग टेप. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप या शब्दांच्या जंगलात माणूस हरवतो. रेराच्या २०१६च्या कायद्याने कार्पेटची व्याख्या करून टाकली आहे : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरायची नाही. भाच्याने स्वतः मोजून आकडा लिहावा. फोटो काढायचे तर सकाळी दहाला, खिडक्या उघडून, दोरीवरचे टॉवेल काढून. यालाही पैसे पडत नाहीत, पण कोण करतो?

तिसरं, कागदांची मदत. माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न भाडेकराराचे असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्यातलं ५५वं कलम. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय दंड किंवा कैदेची तरतूद आहे. आमच्याकडच्या कित्येक मालकांना हे माहीतच नाही. भाच्याने हे सोप्या मराठीत एका पानावर लिहावं, खाली नाव आणि नंबर घालावा, झेरॉक्स काढाव्या. ते पान मी आमच्या नोटीस बोर्डावर आनंदाने लावीन. (ताई, हे वाचलंस ना? कमिटीला विचारून लावीन, पण लावीन.) यादी मागणारा एजंट माणसांना नकोसा होतो, उपयोगी कागद देणाऱ्याचा नंबर मात्र जपून ठेवला जातो.

तसंच नव्या बिऱ्हाडासाठी एक पान. गॅस, दूध, पेपर, जवळचा डॉक्टर, प्लंबर, कचऱ्याची गाडी कधी येते. किल्ली देताना हातात ठेवावं. आणि महिन्याने एक फोन, "सगळं ठीक ना?" एवढाच. बहुतेक एजंट दलाली मिळाली की फोनच उचलत नाहीत, त्यामुळे हा एक फोन माणसं वर्षभर सांगत सुटतात. त्याच वेळी गूगलवर दोन ओळी लिहायची विनंती करावी. तिथे धंद्याचं नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

विजेच्या खांबांवर आणि भिंतींवर कागद चिकटवायचा मोह मात्र नको. स्वस्त वाटतं, पण मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५चा कायदा आहे, आणि त्या कागदावर त्याचाच नंबर छापलेला असणार! रोज सकाळी फुलांच्या फोटोसकट 'शुभ प्रभात' पाठवणंही नको. मी स्वतः असे तीन एजंट ब्लॉक केलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या कल्याण-डोंबिवलीत जे झालं ते तुम्ही वाचलं असेलच. ६५ इमारतींसाठी पालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या तयार केल्या गेल्या, आणि त्या दाखवून महारेराची नोंदणीही मिळवली गेली. एका वास्तुविशारदाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला. हजारो कुटुंबं त्यात अडकली. कर्ज काढून, दागिने मोडून घर घेतलेली माणसं. महारेराचा नंबर बघूनच घेतलेली! ही घरं काही आपोआप विकली गेली नाहीत. कुणीतरी साइट दाखवली असेल, "कागद क्लिअर आहेत, बिनधास्त घ्या" असं म्हटलं असेल. ते म्हणणाऱ्याने कागद पाहिले होते का?

नवीन प्रकल्पातली घरं विकायची तर एजंटाला महारेराची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. भाच्याने परीक्षा दिली, पास झाला. छान. पण तो नंबर म्हणजे सुरुवात. कुठल्याही इमारतीचं घर दाखवण्याआधी परवानगी खरी आहे का, हे त्याने पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पाहावं. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. फी १० रुपये. उत्तर आलं की ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावं. आमच्या गावात आज यापेक्षा मोठी जाहिरात दुसरी नाही. पंचवीस हजारांच्या पॅकेजपुढे दहा रुपये!

आता ताईचा प्रश्न मला ऐकू येतोय. "सगळ्या घरांतले दोष सांगत बसला तर घर विकणार कोण?" प्रश्न खोटा नाही. एजंटाला पैसे सौदा झाला तरच मिळतात. 'हे घर घेऊ नका' म्हणायचे पैसे कुणी देत नाही. त्यामुळे खरं बोलण्याची किंमत त्याला दर महिन्याला मोजावी लागणार, आणि आठ महिन्यांची बचत त्यात संपूही शकते. मी काही हमी देऊ शकत नाही. पण एक सांगतो. दोष सांगितला म्हणून सगळेच पळत नाहीत. पश्चिमेचं घर दुपारी तापतं, हे ज्याला सांगितलं तो दिवसभर ऑफिसात असतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट वाटतं, याने हे सांगितलं म्हणजे बाकीचंही खरं असेल. शिवाय घर नाही घेतलं तरी माणूस त्याच्याकडेच परत येतो, कारण बाकीच्या सगळ्यांची घरं 'स्टेशनपासून ५ मिनिटांवर' असतात.

आणि समजा नाहीच चालला धंदा, तरी याच गावात राहायचंय. ज्यांना घरं दाखवली ती माणसं भाजी घेताना, लोकलमध्ये, पाडव्याच्या शोभायात्रेत समोर येणार. मान वर करून बोलता आलं पाहिजे. तो १९९८चा एजंट मला अजूनही कधीतरी फडके रोडवर दिसतो. मला बघून रस्ता ओलांडतो. म्हातारा झालाय आता, वाईट वाटतं कधीकधी.

असो. काल रात्री भाच्याचा फोन आला. यादीबद्दल बोलला नाही. म्हणाला, "मामा, तुझी ती इमारत, माझी सकाळची ९ मिनिटं आली. तू हळू चालतोस." मी म्हटलं, गिऱ्हाईक माझ्या वयाचं असलं तर ११च लिही. तो हसला आणि म्हणाला, दोन्ही लिहितो.

ताई, रविवारी जेवायला ये. आणि त्यालाही आण, वही घेऊन.