पत्राचा मायना आणि मिती

जुन्या पत्रांतील मायना पाहून नव्या मंडळींस हंसूं येतें. वडिलांस ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’, धाकट्यांस ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, हें त्यांस निव्वळ पाल्हाळ वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. रागावलेल्या पुत्रासही आधीं ‘तीर्थरूप’ लिहूनच तक्रार मांडावी लागे. तेवढ्या अवकाशांत निम्मा राग उतरे!

शिवाय लिहिणारा कोण व तो कोणास लिहितो, हें मायन्यावरून कळतें. मितीची गोष्ट मात्र बिकट. मराठेशाहींतील पत्रांत पुष्कळदां ‘छ’ हें अक्षर घालून हिजरी महिन्याची तारीख तेवढी दिलेली असते, सनाचा पत्ता नसतो. असलाच तर तो अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११६१. पानिपतचा संग्राम (१४ जानेवारी १७६१) याच सालांतला. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यांत या मोहिमेचीं पत्रें आहेत. सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांस पैसा पाठविण्याविषयीं व शत्रूची रसद तोडण्याविषयीं लिहितात. बखरकाराला शेवट ठाऊक असतो; या पत्रांतील भाऊंस तो ठाऊक नाहीं. वाचतांना जीव कासावीस होतो तो याचमुळें. सन नसलेल्या अशा पत्रांचा काल आंतील मजकुरावरून ठरवावा लागतो, आणि एक दुवा निसटला कीं कारणाच्या जागीं कार्य जाऊन बसतें.

हा खटाटोप आपल्या नातवंडांच्या वांट्यास कां यावा? हिंदुस्थानांत पोस्टकार्ड १८७९ सालीं निघालें; तेव्हांपासून घरोघर कार्डें सांचलीं. त्यांतही ‘रविवार, रात्र’ एवढीच मिती पुष्कळदां आढळते. कार्डावर टपालाचा शिक्का तरी असतो. पाकिटांतील पत्राचा शिक्का पाकिटावर, आणि पाकीट आपण प्रथम फेंकतों! तें पत्रासच जोडून ठेवावें. पत्रांतला ‘बाळू’ कोणता, ‘काकू’ कोणाची, हें सांगणारें वडील माणूस हयात आहे तोंवर त्यास विचारून निराळ्या कागदावर टिपून ठेवावें. माळ्यावर मोडीचा रुमाल असेल तर रद्दीवाल्यास देऊं नये. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) अशाच कागदांसाठीं आहे.