पंप आधी कुठे बसतो आणि पाणी कुणाच्या घरात शिरते?

जुलै आला की घाटकोपर, कुर्ला, चेंबूरच्या सखल वस्त्यांत तयारी सुरू होते. तांदळाचा डबा माळ्यावर चढतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, पोरांच्या मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत जातात. टीव्हीवाले याला 'निसर्गाचा कोप' म्हणतात. मला ते मान्य नाही. पाऊस निसर्ग पाडतो. पाणी कुठे तुंबणार हे माणसे ठरवतात.

मुंबईचे नाले समुद्रात किंवा खाडीत उघडतात. मोठ्या भरतीला त्यांची तोंडे पाण्याखाली जातात आणि समुद्रच नाल्यात शिरू पाहतो. तेव्हा दरवाजे बंद करून आतले पाणी पंपाने बाहेर फेकावे लागते. त्यासाठी उदंचन केंद्र.

१९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. नाल्यांची क्षमता ताशी २५ मिमी पावसाची होती, ती ५० करायची आणि आठ उदंचन केंद्रे बांधायची, असे ठरले. अहवाल पडून राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा कुठे जाग आली.

त्यानंतर काय बांधले ते पाहा. हाजीअली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर आणि ब्रिटानिया ही चार शहर भागात. इर्ला आणि गझदरबंध ही दोन पश्चिम उपनगरांत. मागे राहिली अंधेरीची मोगरा आणि माहुल. म्हणजे चेंबूर-कुर्ल्याचे पाणी उपसणारे, पूर्व उपनगरांच्या वाट्याचे आठांतले एकमेव केंद्र शेवटच्या दोघांत!

कुणी जात विचारून यादी केली, असे माझे म्हणणे नाही. जमिनीची अडचण होती, माहुलला मिठागराच्या जागेचा प्रश्न होता, हे खरे. पण याच शहरात मेट्रोला आणि कोस्टल रोडला जागा मिळाली. अडचण कुणाची तातडीने सुटते आणि कुणाची फाईल फिरत राहते, यालाच आपण व्यवस्था म्हणतो.

"झोपडपट्टीवाले नाल्यात कचरा टाकतात म्हणून पाणी तुंबते," हा ठरलेला युक्तिवाद. टाकतात, नाकारत नाही. पण ज्या गल्लीत कचऱ्याची गाडी शिरतच नाही, तिथल्या माणसाने कचरा टाकायचा कुठे? आणि भरती काय झोपडपट्टीमुळे येते?

केंद्र मिळाले की प्रश्न संपला, असेही नाही. सेकंदाला ६,००० लिटर फेकणारा एक पंप ताशी ५० मिमी पावसात जेमतेम ४३ हेक्टरांचे पाणी उपसेल. एक बंद पडला तर? म्हणून राखीव पंप हवा, विजेची दुसरी सोय हवी, विद्युत यंत्रणा पुराच्या पातळीच्या वर हवी. जुलै २०२१ मध्ये भांडुप जलशुद्धीकरण संकुलातच पाणी शिरले, वीजयंत्रणा बंद करावी लागली आणि मुंबईच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा थांबला.

आणि सर्वांत महत्त्वाचे: जाळीत अडकलेला कचरा काढणार कोण? आराखड्यात यांत्रिक दाते नसतील, किंवा असून बंद पडले असतील, तर त्या विहिरीत माणूस उतरवला जातो. तो कोणत्या समाजाचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. २०१३ चा कायदा गटारातल्या अशा धोकादायक सफाईला बंदी घालतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई ठरवली. पण भरपाई मेल्यावर मिळते. आराखडा जिवंतपणी वाचवतो.

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या पुराचा प्रश्न हाती घेतला. पाणी आणि वीज हा त्यांच्यासाठी सामान्य माणसाच्या जगण्याचा प्रश्न होता. आपण मात्र हा विषय इंजिनिअरांवर सोडून मोकळे झालो.

मित्रांनो, जयंतीला वर्गणी काढतो तसेच वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा एक अर्जही टाकू. आपल्या नाल्याची क्षमता किती? पंप किती, राखीव किती? जाळी साफ कोण करतो, यंत्र की माणूस? उत्तर लेखी घ्या आणि वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचा.

जय भीम!