जमनालालांना त्या रांगेत बसवू नका

पारोळ्यात परवा एका वक्त्यांनी ठासून सांगितले, की राजकारणात उतरणारा व्यापारी भांडवल गुंतवायलाच उतरतो आणि जमनालाल बजाज हा त्यातला मूळ नमुना. काँग्रेसची तिजोरी हाती म्हणजे पक्ष खिशात. अंगावर खादी, घरात कारखाना. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचाच संताप अधिक आला.

गुंतवणूक म्हणता, तर परतावा दाखवा. १९२० साली ते काँग्रेसचे खजिनदार झाले आणि १९२१ साली त्यांनी ‘रायबहादूर’ पदवी सरकारला परत केली. साहेबाच्या मर्जीवर धंदा चालण्याच्या त्या काळात या पदवीची किंमत काय होती, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंग. १९३० साली विलेपार्ल्याच्या मीठ सत्याग्रहात पुन्हा तुरुंग. १९३२ साली तर ते आपल्या धुळ्याच्याच तुरुंगात होते. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आपल्या शेजारच्या अमळनेरात शिक्षकी केलेले साने गुरुजी ते उतरवून घेत आणि त्याच बंदिवानांत हे वर्ध्याचे सेठजी होते. आदल्याच वर्षी त्यांचा साखर कारखाना निघाला होता. नवा कारखाना मागे ठेवून मालक गजाआड जातो, हे कुठल्या वहीखात्यात बसते? पारोळ्याहून धुळे तासाभरावर आहे. वक्त्यांनी निदान तिथे जाऊन चौकशी करायची.

उद्योग वाढला म्हणता? वाढला, नाकारतो कोण? पण तो राजकारणामुळे वाढला, हे दाखवा.

गांधीजींच्या सावलीत मोठे झाले म्हणता? मग १९२८ साली स्वतःच्या घराण्याचे वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले करून जातभाईंचा रोष कोणी ओढवून घेतला?

शेटजींना चळवळीत घ्यावे की नाही, हा वाद आपल्याकडे जुनाच. कापसाच्या वजनात कट्टी, म्हणजे मनमानी कपात, लावणाऱ्या व्यापाऱ्यांनी नाडलेल्या शेतकऱ्याचा राग खराच आहे. आमच्या घरीही त्यावरून जेवणाच्या ताटावर भांडणे झाली. पण तो राग ज्याच्यावर काढायचा, त्याच्यावरच काढावा.

माझे म्हणणे एवढेच: व्यापारी राजकारणात आला, तर त्याने काय पणाला लावले ते विचारा. पदवी, जातीतला मान, स्वातंत्र्य, यांपैकी काय? जमनालालांकडे तिन्हींचे उत्तर होते. आजच्या पैसेवाल्या उमेदवारांवर वक्त्यांचा रोख असेल, तर पुढच्या सभेत त्यांनी ती नावे उघड घ्यावीत. १९४२ साली वारलेल्या माणसाला झोडपायला धैर्य लागत नाही.