वासाची साक्ष

‘साक्षी’ या शब्दात ‘अक्ष’ म्हणजे डोळा दडलेला आहे. भाषेने मान डोळ्याला दिला. कायदा मात्र असा पक्षपात करीत नाही. जे पाहिले ते पाहणाऱ्याने, ऐकले ते ऐकणाऱ्याने, अन्य इंद्रियाने जाणले ते जाणणाऱ्यानेच सांगावे, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ६० चा दंडक २०२३ च्या नव्या अधिनियमातही कायम आहे. आम्हा मराठी माणसांचे नाक तर चोखंदळ: करपट वास जळण्याचा, कुबट ओलीचा, खवट जुन्या तेलाचा. सीमाभागातील साक्षीदाराचे हे शब्द दुसऱ्या भाषेत उतरताना नुसती ‘दुर्गंधी’ उरली, तर साक्षीतला पुरावाच हरवतो. म्हणून अनुवादाशेजारी मूळ मराठी शब्दही नोंदवला जावा, एवढीच आमची मागणी आहे.