दुसरी पसंती

श्रीलंकेत २१ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी निवडणूक आयोगावर पूर्वी कधीच न आलेली वेळ आली. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नव्हती. तेव्हा मतपत्रिका पुन्हा उघडून त्यांवरचे दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीचे आकडे मोजायला घ्यावे लागले. १९७८ च्या संविधानाने ही सोय करून ठेवली होती, पण १९८२ च्या पहिल्या थेट निवडणुकीपासून दर वेळी कुणी ना कुणी पन्नास टक्क्यांच्या पलीकडे जायचंच. त्यामुळे तो दुसरा आकडा मतपत्रिकेवर बेचाळीस वर्षं नुसता शोभेपुरता होता.

आमच्यासारख्या निकालवेड्या लोकांसाठी ही पर्वणीच. ‘तुम्ही मत कुणाला दिलं?’ असं विचारलं की लोक भाषण देतात: विकास, भ्रष्टाचार, देशाचं भलं. तेच ‘तुमचा माणूस हरलाच, तर मग कोण चालेल?’ असं विचारून बघा. समोरचा थांबतो, जरासा चिडतो, आणि मग जे बोलतो ते आतलं असतं. श्रीलंकेच्या मतपत्रिकेत हा प्रश्न छापलेलाच आहे. नावापुढे १ लिहा, वाटलं तर दुसऱ्या एखाद्या नावापुढे २, आणखी एकापुढे ३. नुसती एक फुली मारली तरी मत धरलं जातं.

रिंगणातले मोठे गडी तीन. राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघे अपक्ष म्हणून उभे होते आणि त्यांचं चिन्ह होतं गॅस सिलिंडर. २०२२ मध्ये ज्या देशातली माणसं सिलिंडर आणि पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगेत उभी होती, रांगेतच काहींचे जीव गेले होते, त्या देशात हे चिन्ह! सांगणं सरळ होतं: रांगा मी संपवल्या. आणि ते खोटंही नव्हतं. महागाईचा दर २०२२ मध्ये सत्तर टक्क्यांच्या घरात गेला होता, तो मतदानाच्या सुमाराला एक टक्क्याच्याही खाली आला होता. नाणेनिधीचं कर्ज मिळालं होतं, दुकानांत माल होता. तरी रनिल तिसरे आले, १७.२७ टक्क्यांवर.

मतदार खिसा बघून मत देतो, हे आपण फार विश्वासाने सांगत असतो. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांनी कार्टर यांच्यासमोरच्या वादफेरीत अमेरिकनांना विचारलं होतं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं आज बरं चाललंय का, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रचारकांना तो प्रश्न म्हणजे हुकमाचा पत्ता वाटतो. पण खिसा कुठल्या सालापासून मोजायचा हे मतदार ठरवतो, उमेदवार नाही. रनिल २०२२ पासून मोजत होते. ज्याच्या घरातलं विजेचं बिल वाढलं होतं, ज्याला जानेवारी २०२४ पासून अठरा टक्के व्हॅट भरावा लागत होता, तो २०१९ पासून मोजत होता. शिवाय रनिलना राष्ट्राध्यक्ष केलं होतं ते संसदेने, राजपक्षांच्या पक्षाच्या मतांवर. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्ष देश सोडून पळाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या तरणतलावात डुबक्या मारल्या होत्या. त्याच घराण्याच्या मतांवर आलेला माणूस त्यांना ‘नवा’ कसा वाटावा?

दुसरे सजित प्रेमदासा, १९९३ मध्ये बॉम्बस्फोटात मारले गेलेले राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांचे चिरंजीव. तिसरे अनुरा कुमारा दिसानायके, जनता विमुक्ती पेरामुनाचे. याच पक्षाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते ८९ या काळात सशस्त्र उठाव केला होता. दोन्ही बाजूंनी रक्त सांडलं, सरकारी बाजूने जास्तच. साठीच्या पुढच्या सिंहली माणसाच्या मनातून ते दिवस जाणं कठीण. २०१९ मध्ये दिसानायके यांना ३.१६ टक्के मतं मिळाली होती. पाच वर्षांनी ४२.३१. ही उडी त्यांच्या जाहीरनाम्याने मारलेली नाही. जाहीरनामा २०१९ मध्येही होताच की. मधल्या काळात बाकीचे सगळे एकेक करून लोकांच्या मनातून उतरले, आणि ज्याच्या हाती अजून काहीच दिलं नव्हतं असा एकच उरला.

माझं म्हणणं एवढंच, की राष्ट्राध्यक्ष निवडताना मतदार आवडीची यादी क्वचितच करतो. आधी नावडतीची करतो आणि खालून वर येतो. याचा अस्सल पुरावा हवा असेल तर उत्तरेकडे, जाफन्याच्या तमिळ मतदाराकडे बघावं.

२००५ मध्ये त्याला निवडूच दिलं गेलं नाही. रनिल हे एलटीटीई या सशस्त्र तमिळ संघटनेशी युद्धबंदीचा करार केलेले, गोटाबायांचे भाऊ महिंदा राजपक्ष त्या मानाने कडवे. पण एलटीटीईने बहिष्कार लादला आणि जाफना जिल्ह्यात मतदान झालं जेमतेम एक टक्का. राजपक्ष देशभरात पावणेदोन लाखांच्या आसपासच्या फरकाने जिंकले. पुढे युद्ध पेटलं, मे २००९ मध्ये संपलं, आणि ते कसं संपलं हे जगाने पाहिलं. जानेवारी २०१० मध्ये त्याच मतदारापुढे दोन नावं आली. एक, युद्धाचा हुकूम देणारे राजपक्ष. दुसरं, तो हुकूम अमलात आणणारे लष्करप्रमुख सरत फोन्सेका. यातून निवडा म्हणे! बरेच जण घरी बसले. जे गेले त्यांतल्या बहुसंख्यांनी फोन्सेकांना मत दिलं. ज्याच्या फौजेने आपली गावं उद्ध्वस्त केली त्याला! याला कुणी क्षमा म्हणेल, कुणी विसराळूपणा. दोन्ही नाही. ते मत फोन्सेकांचं नव्हतंच, ते राजपक्षांच्या विरोधातलं होतं आणि मतपत्रिकेवर ते नोंदवायला तेवढी एकच जागा होती. २०१५ मध्ये त्याच हिशेबाने मैत्रीपाल सिरिसेनांना मतं पडली. हे सिरिसेना काही आठवड्यांपूर्वीपर्यंत राजपक्षांच्याच मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होते. या वेळी मात्र नकार लागू पडला, राजपक्ष गेले.

फ्रान्समधल्या डाव्यांनीही हे भोगलंय. २००२ च्या पहिल्या फेरीत त्यांनी आपली मतं हौसेने अनेक छोट्या उमेदवारांत वाटली, आणि दुसऱ्या फेरीत उरले उजवे शिराक आणि अतिउजवे ल पेन. मग नाक दाबून शिराक! ८२ टक्के मतं पडली त्यांना, आणि त्यांतली कितीतरी त्यांचं तोंडही बघायला तयार नसलेल्यांची.

आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, पण पद्धत हीच, पसंतीक्रमाची. १९६९ ची निवडणूक म्हटली की इंदिराबाईंची ‘अंतरात्म्याची हाक’ आठवते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि इंदिराबाईंच्या मनातले व्ही. व्ही. गिरी. पण या दोघांखेरीज तिसरा जो माणूस रिंगणात होता तो आपला: सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून आलेले चिंतामणराव. त्यांच्या पाठीशी होते जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष. पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. हे मतमूल्याचे आकडे, माणसांचे नव्हेत. जिंकायला हवे होते ४,१८,१६९.

म्हणजे गिरींना साडेसोळा हजारांची गरज. चिंतामणराव आणि इतर किरकोळ उमेदवार बाद झाल्यावर त्यांच्या कागदांवरचा दुसरा आकडा बघायला घेतला. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा ही दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून आधीच जनसंघ आणि स्वतंत्रच्या नेत्यांना भेटून आले होते, आणि ती मिळालीही. सुमारे ९२ हजार रेड्डींकडे गेली, गिरींच्या वाट्याला आली फक्त साडेअठरा हजार. तेवढ्यावर गिरी राष्ट्रपती झाले! आणि गंमत बघा, निजलिंगप्पांची तीच भेट इंदिराबाईंच्या हाती कोलीत झाली. जनसंघाशी संधान बांधलं असा आरोप करून त्यांनी रेड्डींसाठी काँग्रेसजनांना बांधून घ्यायला नकार दिला. दुसऱ्या पसंतीसाठी हात पसरताना पहिल्या पसंतीची ओंजळ गळायला लागली. बिचारे रेड्डी! त्यांच्या उमेदवारी अर्जावर सही मात्र इंदिराबाईंचीच होती.

त्या साडेअठरा हजारांतल्या मतदारांनी गिरींपुढे २ का लिहिला असेल? समाजवादी ओढ, काँग्रेस फुटलेली बघायची हौस, की रेड्डींशी जुनं काही? गुप्त मतदानाचं हेच तर सुख आहे, नेत्याने सांगितलेलं सभागृहात ऐकायचं आणि पेन हातात आल्यावर आपलं लिहायचं. राष्ट्रपतिपदासाठी व्हिप काढता येत नाही ते बरं. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटलांसाठी शिवसेनेने भाजपचा हात उघडपणे सोडला, कारण मराठी. ते कारण सगळ्यांना कळलं. चिंतामणरावांच्या कागदावरचा दोनचा आकडा मात्र कायमचा मुका राहिला.

परत कोलंबोला येतो. दिसानायके आणि प्रेमदासा सोडून बाकीच्यांना मिळून साधारण ३३ लाख मतं होती. या ३३ लाख कागदांवरून दोघांपैकी कुणाला तरी दुसरी वा तिसरी पसंती मिळाली ती किती? २ लाख ७३ हजार. शंभरात आठ. त्यात प्रेमदासांना १ लाख ६८ हजार, दिसानायके यांना १ लाख ५ हजार. आघाडी जवळपास होती तशी राहिली आणि संध्याकाळी दिसानायके विजयी झाले. काहींना नियम माहीत नसेल, पसंती लिहायची सवय कधी लागलीच नव्हती. पण मला वाटतं, पुष्कळांनी जाणूनबुजून तिथे काही लिहिलं नाही. रनिल नाहीत तर कुणीच नको.

पण ही ‘कुणीच नको’ची टेक फार दिवस टिकली नाही. १४ नोव्हेंबरला संसदेची निवडणूक झाली आणि दिसानायके यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा घेतल्या, मतं साठ टक्क्यांच्या वर. जाफना जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये दिसानायके यांना शंभरात सातच्या आसपास मतं होती. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीला मिळाली चोवीस-पंचवीस आणि सहापैकी तीन जागा. दक्षिणेतल्या सिंहली पायावरच्या पक्षाने जाफना जिंकणं हे आजवर झालेलं नव्हतं. तमिळ पक्ष आपसात फुटले होते हे त्यामागचं मोठं कारण, हे खरंच. पण जो मतदार २०१० पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत कुणाच्या तरी विरोधात मत देत आला, त्याने या वेळी एकाच्या बाजूने दिलं. ज्याला सप्टेंबरमध्ये पहिली पसंती नाकारली होती, त्यालाच. आता पुढच्या खेपेला त्याच्याकडे ‘नको’ म्हणायला एक नवं नाव तयार असेल.